लिंबायतची चिठ्ठी

वडोदऱ्याहून सुरत म्हणजे जेमतेम दोन तासांचा प्रवास. तरीही आपल्या मंडळातल्या बऱ्याच तरुण मंडळींनी लिंबायत पाहिलेलं नसतं. सुरतला आपण जातो ते साड्यांच्या खरेदीला, लोचो खायला, चांदनी पडव्याच्या वेळी घारी आणायला. माझं माहेर लिंबायतला आहे असं मी म्हटलं, की समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "तिथे मराठी माणसं आहेत?"

आहेत, आणि भरपूर आहेत. वडोदऱ्यात आपले पूर्वज गायकवाडांच्या चाकरीसाठी आले. लिंबायतमध्ये आमची माणसं आली ती तापी लाइनच्या पॅसेंजरने, पोटासाठी. जळगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही स्टेशनं मागे टाकत गाडी उधन्याला येते. उधना उतरलं की लूमच्या खात्यात नाहीतर डाइंगच्या मिलमध्ये काम मिळायचं. गावचा एक माणूस आला की मागून भाऊ, मग मेहुणा, मग अख्खी भावकी. म्हणूनच आजही लिंबायत, गोडादरा, डिंडोली या भागांत दुकानाची पाटी गुजराती आणि आतलं बोलणं अहिराणी, असं सहज दिसतं. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. श्रावणात कानबाई बसते. संध्याकाळी शेवभाजीचा वास येतो आणि हिवाळ्यात वांग्याच्या भरताचा.

गेल्या माघात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं म्हणून मी चार दिवस माहेरी गेले. उधन्याहून रिक्षा केली. नीलगिरी मैदानाच्या बाजूने आत वळलं की गल्ल्या अरुंद होत जातात. कुठूनतरी लूमचा खडखडाट येत असतोच. तो थांबला तरच आम्हाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. प्रत्येक ओट्यावर बायका साड्यांचे गठ्ठे घेऊन बसलेल्या असतात. कोणी टिकल्या चिकटवतं, कोणी लेस लावतं, कोणी लोंबणारे धागे कापतं. रिंग रोडच्या मार्केटमध्ये आपण ज्या साडीचा भाव करतो, ती आधी या ओट्यावरून गेलेली असते.

आमच्या समोरच्या घरातल्या आक्का अशाच साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून अकरा महिन्यांच्या मुलीला दूध पाजत होती. "कव्हय उनी माय?" असं आक्कांनी विचारलं आणि मी ओट्यावर टेकले. बोलता बोलता माझं लक्ष त्या बाळाकडे गेलं. थंडीचे दिवस, पंखा बंद, तरी बाळाचं कपाळ घामाने भिजलेलं. दोन घोट प्यायची, सोडायची, धापा टाकायची, पुन्हा प्यायची. हातपाय काडीसारखे.

"अशीच करस," आक्का म्हणाल्या. "दूध पेता पेता दमी जास."

दात येताहेत, दृष्ट लागलीय, आईचं दूध पातळ आहे, असं सगळं सांगून झालं होतं. मिठाने दृष्टही काढून झाली होती. मी विचारलं, अंगणवाडीत तपासणी झाली का? सून गप्प राहिली. मग आत गेली आणि देवाच्या फोटोमागून एक घडी केलेला कागद घेऊन आली. दोन महिन्यांपूर्वी तपासणीला आलेल्या पथकाने तो दिला होता. बाळाच्या छातीत वेगळा आवाज येतो, टू-डी इको करून घ्या, असं त्यावर लिहिलं होतं.

"मग केलं नाही?"

"खर्च किती येई कोण जाणे," आक्का म्हणाल्या. "आणि एवढुशी पोर. कापाकापी सांगितली तं?"

ती चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसले. यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती मी आमच्या घरातही फारशी बोलत नाही.

मला एक धाकटा भाऊ होता. आम्ही त्याला धाकलाच म्हणायचो. १९८७ साली तो पाच वर्षांचा होता आणि मी आठ. गल्लीत लाकडाच्या फळीने क्रिकेट चालायचं. धाकला चेंडू मारायचा, दोन पावलं धावायचा आणि मध्येच उकिडवा बसायचा. गुडघे छातीशी घेऊन, मान खाली घालून. मुलं हसायची. "बसल्या जागी आउट!" मीही हसायचे. त्याचे ओठ जांभळाच्या रंगाचे दिसायचे. रडला की नखंसुद्धा निळी व्हायची. एका डॉक्टरने अशक्तपणा सांगून टॉनिक दिलं होतं. आम्ही ते पाजत राहिलो.

आमचे आप्पा लूमवर रातपाळी करायचे आणि सुनील गावसकर म्हणजे त्यांचा देव. तुमच्यातले बरेच जण गावसकरांना समालोचक म्हणून ओळखतात, म्हणून थोडं सांगते. १९७१मध्ये वेस्ट इंडीजच्या पहिल्याच दौऱ्यात या माणसाने चार कसोटींत ७७४ धावा केल्या होत्या. ७ मार्च १९८७ला अहमदाबादला, मोटेराच्या मैदानावर, पाकिस्तानविरुद्ध खेळताना कसोटीत दहा हजार धावा करणारा तो जगातला पहिला फलंदाज झाला. लोक मैदानात धावत आले आणि खेळ काही वेळ थांबला. त्या दिवशी आप्पा रातपाळीची झोप सोडून चहाच्या टपरीवर रेडिओ ऐकायला गेले होते आणि धाकला त्यांच्या खांद्यावर होता. घरी येताना आप्पांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. गावाकडे दुष्काळ पडला आणि आमच्या दोन खोल्यांत गावची आणखी पाच माणसं येऊन राहिली. त्याच गर्दीत, श्रावणात, एका पहाटे धाकला गेला. काय झालं ते कोणालाच कळलं नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, पोराला थंडी लागली असेल.

फार वर्षांनी, माझ्या मुलीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात भिंतीवरचा एक तक्ता वाचताना मला कळलं. हृदयाचा एक जन्मजात दोष असतो, त्याला टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात. त्यात फुप्फुसांकडे पुरेसं रक्त जात नाही आणि शरीरात फिरणाऱ्या रक्तात प्राणवायू कमी पडतो. म्हणून ओठ आणि नखं निळी दिसतात. असं मूल धावलं की दमून उकिडवं बसतं, कारण तसं बसल्यावर पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि फुप्फुसांकडे थोडं जास्त रक्त वळतं. म्हणजे धाकला आउट होऊन बसत नव्हता. श्वास मिळावा म्हणून बसत होता. आणि आम्ही हसत होतो. धाकल्याला नेमकं हेच होतं का, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण तो तक्ता मी पुन्हा कधी पूर्ण वाचू शकले नाही.

म्हणून त्या दिवशी आक्कांना मी म्हटलं, "उद्या सकाळी आपण जायचं. मी येते सोबत."

सरकारी दवाखान्यात इको झाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होतं, चांगलं मोठं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सुनेला समजावलं. डावीकडचं रक्त छिद्रातून उजवीकडे जातं, फुप्फुसांत नको इतकं रक्त भरतं आणि हृदयाला दुप्पट काम पडतं. त्यामुळे नुसतं दूध पिणं हीसुद्धा या बाळासाठी धाव असते. म्हणून घाम, म्हणून वजन वाढत नाही, म्हणून सारखा खोकला आणि न्यूमोनिया. शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर मूल इतर मुलांसारखं वाढतं.

आता जायचं कुठे? गुजरातमध्ये शाळा-आरोग्य तपासणीतून सापडलेल्या अशा मुलांवर अहमदाबादच्या यू. एन. मेहता हृदयरोग संस्थेत मोफत उपचार होतात, तो रस्ता होताच. पण अहमदाबादला त्यांचं कोणी नव्हतं आणि बाळाचा मामा कामोठ्याला राहतो. ज्यांच्या घरी रोजची कमाई रोज संपते, ती माणसं दवाखाना निवडताना आधी हे बघतात की तिथे आपलं कोण आहे, डबा कोण आणेल. कामोठ्याच्या शेजारीच खारघर आहे आणि खारघरला श्री सत्य साई संजीवनी हे मुलांच्या हृदयरोगाचं रुग्णालय आहे. तिथे उपचारांचे पैसे घेत नाहीत.

या रुग्णालयाचं नाव मला माहीत होतं ते आप्पांच्या देवामुळे. गावसकर अनेक वर्षं हार्ट टू हार्ट फाउंडेशन या संस्थेशी जोडलेले आहेत. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या मोफत शस्त्रक्रियांसाठी ही संस्था निधी उभा करते आणि नवा रायपूर, हरियाणातलं पलवल आणि आपलं खारघर इथल्या संजीवनी रुग्णालयांत त्या शस्त्रक्रिया होतात. २०१९मध्ये गावसकर अमेरिकेत फिरले आणि तिथल्या भारतीयांकडून ६००हून अधिक मुलांच्या शस्त्रक्रियांना पुरेल इतका निधी जमवला. १० जुलै २०२०ला, आपल्या एकाहत्तराव्या वाढदिवशी, त्यांनी खारघरच्या ३५ मुलांच्या शस्त्रक्रियांचा खर्च उचलला. ३५ का? कसोटीतली ३४ शतकं आणि एकदिवसीय सामन्यातलं एक. प्रत्येक शतकामागे एक मूल.

आमच्याकडची मुलं सचिनला जास्त ओळखतात. त्याच्या आणि डॉ. अंजली तेंडुलकर यांच्या फाउंडेशनचं कामही मुलांचं आरोग्य, शिक्षण आणि खेळ याच तीन गोष्टींभोवती आहे. डॉ. अंजली स्वतः बालरोगतज्ज्ञ आहेत. खेळाडूचं नाव मोठं असतं, त्याच्या शब्दावर लोक पाकीट उघडतात आणि ते पैसे अशा ठिकाणी जातात हे चांगलंच आहे. पण लिंबायतच्या ओट्यावर बसून मला एक प्रश्न पडला होता. पैसे आहेत, रुग्णालय आहे, डॉक्टर आहेत, तपासणीचं पथकही दारात येऊन गेलं. तरी चिठ्ठी दोन महिने देवाच्या फोटोमागे का राहिली?

कारण ती हातात धरून सोबत येणारं कोणी नव्हतं.

बाळाच्या बापाला एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. सुनेने लग्नानंतर एकटीने गाडीत पाऊल टाकलेलं नव्हतं. म्हणून आक्का, सून, बाळ आणि मी अशा चौघी पहाटेच्या गाडीने निघालो. वलसाड, वापी गेलं, मग डहाणू. पालघर आलं तेव्हा मी आक्कांना म्हटलं, ती चिठ्ठी ज्या कार्यक्रमातून मिळाली ना, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत याच पालघरमध्ये सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी होते, ती या कार्यक्रमातून. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आक्कांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कागद आपल्या आधी हिंडी उना."

वसईला उतरून पनवेलची गाडी घेतली आणि पनवेलहून हार्बरची लोकल. पहिलंच स्टेशन खांदेश्वर. पाटी मी मोठ्याने वाचली तशा आक्का पहिल्यांदा हसल्या. "खांदेश? आपलंच गाव की हे!"

रुग्णालयात गेल्यापासून आक्कांचा एक हात कमरेला होता. भिशीचे पैसे रुमालात बांधून तिथे खोचले होते. नाव लिहून झालं, कागद दाखवून झाले, बाळाची तपासणी झाली. दर वेळी आक्का विचारत, "पैसा कुठे भरना?" शेवटी तिथल्या एका ताईंनी हसून सांगितलं, "आजी, इथे पैसे भरायची खिडकीच नाही." आक्कांना ते पटलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "मग कोण भरस?"

मी गावसकरांचं नाव सांगितलं. आणि सांगितलं की ते एकटे नाहीत, कितीतरी माणसं मिळून भरतात. कोणी अमेरिकेतून, कोणी मुंबईतून. आक्का बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "त्यास्ना पोरंबाळं सुखी ऱ्हावोत."

बाळाचं वजन थोडं वाढवायला सांगितलं होतं. कसं पाजायचं, काय भरवायचं, औषध कधी, हे सगळं सुनेने दोनदा विचारून घेतलं. पुढच्या खेपेला मी नव्हते, मामा होता. शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी मी वडोदऱ्याला ऑफिसात होते आणि दर अर्ध्या तासाने फोन बघत होते. संध्याकाळी सुनेचा फोन आला. ती काही बोलूच शकली नाही. मग मामाने फोन घेतला. "ताई, झालं. शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणताहेत, चांगलं झालं."

पुढच्या रविवारी मी आप्पांना भेटायला लिंबायतला गेले. आप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत. भावाजवळ राहतात. लूमच्या आवाजाने कान गेलेत, म्हणून सगळं मोठ्याने सांगावं लागतं. मी त्यांना खारघरची सगळी हकिगत सांगितली. पस्तीस शतकं, पस्तीस मुलं हेही सांगितलं. आप्पा म्हणाले, "चौतीस. गावसकरची चौतीस आहेत." मी म्हटलं, "एकदिवसीय सामन्यातलं एक धरून."

आप्पा गप्प झाले. मग म्हणाले, "हां. नागपूर. न्यूझीलंडवर. वर्ल्ड कप होता." थोड्या वेळाने म्हणाले, "ते मी ऐकलं नव्हतं."

तो सामना ३१ ऑक्टोबर १९८७चा. धाकला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्या दिवाळीत आप्पा टपरीवर गेले नाहीत. त्यानंतर आमच्या घरात क्रिकेटचा रेडिओ कित्येक वर्षं लागला नाही. मला हे माहीत होतं, पण त्यामागे हे एवढं होतं हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. आप्पा उठले, काठी घेतली आणि समोर आक्कांच्या ओट्यावर जाऊन बसले. तोपर्यंत बाळ खारघरहून आलं नव्हतं. तरी जाऊन बसले.

आपल्या घरातल्या तरुण आईबाबांसाठी चार गोष्टी इथे मुद्दाम लिहिते. जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून अधिक मुलं दर वर्षी जन्मतात. काही दोष आपोआप भरून येतात, काहींना पहिल्या वर्षातच उपचार लागतात. दूध पिताना बाळ दमत असेल, कपाळाला घाम येत असेल, श्वास भरभर चालत असेल, वजन वाढत नसेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, ओठ, जीभ किंवा नखं निळी पडत असतील, खेळताना मूल मध्येच उकिडवं बसत असेल, तर दात, दृष्ट आणि अशक्तपणा यांवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी सांगितलं तर इको करून घ्या. त्या तपासणीला सुई लागत नाही आणि दुखतही नाही.

आणि हे फक्त आपल्या बाळापुरतं पाहू नका. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या नातवाला, सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीला, गावाकडच्या भाच्याला अशी एखादी चिठ्ठी मिळालेली असू शकते. ती कुठेतरी देवाच्या फोटोमागे असेल. विचारल्याशिवाय ती बाहेर येत नाही. मंडळाच्या क्रीडा महोत्सवात आपण मुलांना पदकं देतोच. या वर्षी तिथेच एका टेबलावर एखाद्या बालरोगतज्ज्ञांना बसवता आलं तर? आपल्या मंडळात डॉक्टर काही कमी नाहीत. आणि एक दिवस उधन्याची गाडी पकडून लिंबायतच्या एखाद्या मराठी शाळेत गेलो तर? दोन तासांचा तर प्रवास आहे.

गावसकरांच्या पस्तिसही शतकांत समोरच्या टोकाला कोणीतरी उभं होतं. एकेरी धाव काढायची तर समोरच्यालाही पळावं लागतं. त्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, पण तो पळाला नाही तर धाव होत नाही.

आक्कांची नात आता भिंत धरून उभी राहते. छातीवर बारीक रेघेसारखी खूण आहे. गल्लीतली मुलं क्रिकेट खेळत असली की ती ओट्यावरून टाळ्या वाजवते. परवा आक्कांचा फोन आला होता. मागच्या गल्लीतल्या एका मुलाला शाळेतल्या तपासणीत चिठ्ठी मिळाली होती आणि त्याची आई ती घेऊन सरळ आक्कांकडे आली. आक्कांनी आपली साडीची घडी बाजूला ठेवली, रुमालात भाड्यापुरते पैसे बांधले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत इकोला गेल्या.

"मी तुले काय सांगू," त्या म्हणाल्या, "आता तं रस्ता माहीत शे."